विमलाची ओ

केरीच्या धक्क्यावर, तेरेखोलची फेरीबोट लागते तिथे विमलाचा चहाचा गाडा. बोटीतून कुणी "वैनी!" म्हणायचा अवकाश, की इकडून "ओ!" आलीच. हाकेला ओ न देणं म्हणजे तिच्या लेखी शुद्ध माजोरेपणा. नवरा बाबली म्हणे, हिचं तोंड मिटलेलं मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलंय.

अशा बाईला डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं! डाव्या स्तनातली गाठ काढून झाली होती, आता किरणं द्यायची होती. पण डाव्या बाजूला किरणांच्या वाटेतच काळीज. उपाय सोपा होता. छाती भरून श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा. फुफ्फुस फुगतं, काळीज जरा बाजूला सरकतं, तेवढ्यात किरणं आपलं काम उरकतात. श्वास सुटला की यंत्र आपोआप थांबतं.

ते यंत्र डिचोलीची ऋतिका चालवायची. सरावाच्या दिवशी विमलाला आत निजवून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि माइकवरून म्हणाली, "विमलामावशी, श्वास घ्या. धरा."

"ओ! धरलो गो बाय!"

यंत्र थांबलं.

"मावशी, बोलायचं नाही."

"नाय गो, बोलत नाय!"

पुन्हा थांबलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "उद्याही जमलं नाही तर श्वास न धरताच द्यावी लागतील. मग चांगल्या काळजाला थोडी झळ बसेल, आणि ती कित्येक वर्षांनी डोकं वर काढू शकते."

विमला मनापासून घाबरली. गाठ वाईट होती, ती गेली. या धडधाकट काळजाने कुणाचं काय बिघडवलं होतं? संध्याकाळी गाड्यावरचे पेले विसळताना तिला रडू फुटलं. "कोणी हाक मारली तर ओ देवक नको? सवयच ती!"

बाबलीने दाढी खाजवली. "काळोखात एकदाच हाक इली, तर तू ओ देतंस?"

"तुमका खूळ लागला? तीन हाका झाल्याबगर कोण ओ देता? भूत एकदाच हाक मारता, ओ दिली तर जीव घेवन जायत!"

"मगे त्या खोलीत हाक खयसून येता? भिंतीतसून. तोंड दिसता? आणि तीनदा मारतत?"

विमलाच्या हातातला पेला तसाच राहिला. "एकदाच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भिंतीतून आवाज आला. विमलाने छाती भरून घेतली आणि ओठ असे आवळले, की डॉक्टरही चाट पडले. काळीज सरकलं, किरणं बाजूने निघून गेली. पुढे रोज तेच. खोलीतून बाहेर आली की मात्र ती तुंबलेलं सगळं ऋतिकाच्या कानात ओतायची. हे कसं साधलं, तेवढंच त्यात नसे, त्यामुळे ऋतिकाला ते कळेना. बाबली मूग गिळून बसला होता.

शेवटच्या दिवशी माइकवरून ऋतिका आनंदाने म्हणाली, "मावशी, संपलं! श्वास सोडा, आता पोटभर बोला!"

श्वास सुटला. शब्द काही आला नाही. ऋतिका घाबरून आत धावली.

विमलाने आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते, उलटे नव्हते.

"ओ!" ती अशी ओरडली, की बाहेर बाकावर बसलेला बाबली उभा राहिला. मग आपलं मनगट तिने ऋतिकाच्या हातात दिलं. "वरची कातडी भाजली, ती भरतली गो. काळीज ह्या बघ. चलता मगे?"

ऋतिकाने नाडी धरली. हसू दाबताना तिचे डोळे भरून आले.

"चलता," ती म्हणाली.