हिरवा खण

मी पट्टा बोलतोय. ऐटीत कमरेला मिरवायचा नव्हे. ऑपरेशननंतर पोट बांधून ठेवणारा, रुंद, इलॅस्टिकचा. आवळणं हाच माझा स्वभाव, त्यामुळे राग धरून ठेवणं मला छान जमतं.

माझी मालकीण हेमा, डोंबिवलीची. जुळ्यांच्या वेळी तिच्या पोटाचे स्नायू मधोमध फाकले ते फाकलेच. सात वर्षं व्यायाम करून वजन उतरलं, पण ओटीपोटावरची लोंबती कातडी जागची हलली नाही. गेल्या वर्षी नवरात्रात टेंभी नाक्याला गंगूआत्यांकडे, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या बहिणीकडे, हळदीकुंकू होतं. भरल्या बैठकीत आत्यांनी तिच्या ओटीत हिरवा खण टाकला.

"लपवतेस काय गं? ही घे चोरओटी!"

गर्भारणीची तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती ओटी, आत्यांनी वीस बायकांदेखत भरली.

"आत्या, मी गरोदर नाहीये."

"मग एवढं काय साठवलंयस?"

बायका फिदीफिदी हसल्या. हेमाने तो खण शिवला नाही, टाकलाही नाही. हे सगळं तिनेच मला सांगितलं, आरशासमोर मला आवळताना.

सर्जनबाईंनी आधीच बजावलं होतं, "हे वजन घटवायचं ऑपरेशन नाही. जादा कातडी कापायची आणि फाकलेले स्नायू शिवायचे, एवढंच. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहील. पट्टा सहा आठवडे. सूज उतरायला काही महिने जातील."

ती शुद्धीवर आली तेव्हा मी पोटावर होतो आणि माझ्याखालून निघालेल्या दोन नळ्यांतून लालसर पाणी डब्यांत जमत होतं. आठवडाभर ती वाकूनच चालली. शिंक आली की मला दोन्ही हातांनी धरायची. बेंबीखाली तर सगळं बधिर.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "आम्ही जुन्या लुगड्याने पोट बांधायचो, झालं! देवाने दिलेलं शरीर कापायचं म्हणजे थेरं नुसती."

वाटलं, सुटावं आणि त्यांच्या तोंडावर जाऊन बसावं. आत्यांनी पोटाला नावं ठेवली तेव्हा नाही आठवला तो देव?

सहाव्या आठवड्यात नवरात्र आलं. सूज पुरती उतरली नव्हती. तरी साडीखाली मला बांधून हेमा टेंभी नाक्याला गेली. त्याच बायका, तीच बैठक.

"आत्या, पदर पसरा. यंदा तुमची ओटी मी भरते."

आत्या खूश. तांदूळ पडले, नारळ पडला, आणि वर तोच हिरवा खण.

"अडुसष्टाव्या वर्षी चोरओटी! कितवा लागला, आत्या?"

आत्यांनी स्वतःच्या सुटलेल्या पोटावर पदर ओढला. पण बैठकीत हशा पिकला होता. हेमाला हसताना कळा येत होत्या, तरी ती हसत होती. मी घट्ट धरून होतो.

आता माझे सहा आठवडे सरले, मी धुतलेला हुकावर लटकतोय. काल आत्यांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "अगं, तुझा तो पट्टा... पडूनच असेल ना? मला देशील?"

हेमा माझ्याकडे बघत राहिली.

बाई गं, नाही म्हणू नकोस. धाड मला टेंभी नाक्याला. एकदा त्या पोटाभोवती बसू दे. मग बघतो, कुणाला 'काय साठवलंयस' विचारायला आत्यांना श्वास उरतो का.