कारणाचा रकाना

"पेनाला दोरी बांधून ठेवलीय बघा यांनी, आणि विमानं मात्र मोकाट सोडलीत."

रांगेतला दुसरा माणूस हे पहिल्याच्या कानाशी पुटपुटला होता. पण काचेला बोलण्यासाठी जी गोल भोकं पाडलेली होती, त्यांतून ते थेट आत आलं. काच आहे म्हणजे आत ऐकू जात नाही, असं बाहेरच्यांना नेहमीच वाटतं. आतल्या बाईला सव्वीस वर्षं सगळं ऐकू येत होतं, आणि काही ऐकू येत नाही असा चेहरा करायला ती पहिल्या सहा महिन्यांतच शिकली होती.

कचेरीत तिला दिलगीरबाई म्हणत. तोंडावर नाही, पण फारसं पाठीमागेही नाही. विमानतळाच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या यंत्राला लागून असलेल्या 'तक्रार व भरपाई' या खिडकीवर ती बसायची, आणि तिच्या हातून जाणारं प्रत्येक पत्र 'आम्ही दिलगीर आहोत' असं सुरू होऊन 'आपला अर्ज मान्य करता येत नाही' असं संपायचं. मधल्या दोन ओळी तेवढ्या बदलायच्या. घरी दूध उतू गेलं तरी नवरा विचारायचा, "कंपनी दिलगीर आहे का?"

शेजारच्या टेबलावर हरवलेल्या सामानाचा कारकून होता. त्याला सगळे बॅगवाला म्हणत. "माझं बरंय," तो म्हणायचा, "दहातल्या आठ बॅगा सापडतात. तुमच्या लोकांचा बुडालेला दिवस कुठल्या फडताळात शोधायचा?"

त्या दिवशी रांग सरकत सरकत एक नर्स खिडकीशी आली. पन्नाशीची, पांढऱ्या गणवेशावर करडा स्वेटर, डोळे रात्रपाळीने सुजलेले. तिने अर्ज खाली सरकवला. अक्षर असं की औषधाच्या बाटलीवर चिकटवावं.

दिलगीरबाईने तारीख वाचली आणि वहीत शोधण्याचं नाटक केलं. तारीख तिला पाठ होती. दोन महिन्यांपूर्वीचं सकाळचं छोटं विमान.

"सिस्टर, हे खराब हवामानामुळे रद्द झालं होतं," ती म्हणाली. "हवामान असलं की भरपाई बसत नाही. नियम आहे. दुसऱ्या दिवशीच्या विमानात तुम्हाला जागा दिली होती ना?"

"दिली होती."

"मग झालं तर."

"दुसऱ्या दिवशी मी पोचले," नर्स म्हणाली. "आई आदल्या दिवशी दुपारी गेली."

दिलगीरबाईच्या तोंडात पत्राची पहिली ओळ आपोआप आली होती. ती तिने गिळली.

"मला भरपाई नकोच आहे," नर्स पुढे म्हणाली. "मला फक्त कारण लिहून पाहिजे. खरं कारण. भाऊ माझ्याशी बोलत नाही. फोन केला तर म्हणतो, मला विमानाचं कारण देऊ नकोस. त्याला वाटतं मी आलेच नाही, विमानाचं निमित्त केलं. या महिनाअखेर तो आईचं घर रिकामं करून किल्ली देऊन टाकणार आहे. मला एकदा त्या घरात जायचंय. एकदा तिच्या खोलीत बसायचंय. तो म्हणतो, येऊ नकोस."

"हवामानाचा दाखला देते की मी. शिक्क्यासकट."

"तो दाखवला तर आणखीच हसेल. त्या दिवशी दोन्हीकडे लख्ख ऊन होतं बाई. मी सहा वाजून दहा मिनिटांनी या दारातून आत आले. ढगाचा तुकडा नव्हता." नर्स काचेच्या जरा जवळ आली. आवाज चढवला नाही. "आम्ही वॉर्डात चार्टवर जे असेल तेच लिहितो. ताप एकशे दोन असेल तर एकशे दोन. डॉक्टरला आवडो न आवडो."

मागचा माणूस खाकरला. दिलगीरबाईने अर्जावर नजर फिरवली. 'या मार्गावर पूर्वी प्रवास केला आहे काय' या प्रश्नापुढे नर्सने स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं होतं.

"आईकडे याआधी कधी गेला होतात?" तिने सहज विचारलं.

"वॉर्डात रजा कुठे मिळते हो," असं म्हणून नर्सने पर्स उघडली, काहीच न काढता बंद केली, आणि म्हणाली, "सोमवारी येते."

हवामानाचं असं होतं. एखादं विमान रद्द झालं की वरच्या मजल्यावरून दिलगीरबाईला फोन यायचा आणि तिने तक्ता भरायचा. तारीख, वेळ, प्रवासी, कारण. कारणाच्या रकान्यात 'हवामान' लिहिलं की तक्ता तसाच पुढे जाई. दुसरं काहीही लिहिलं, म्हणजे बिघाड, माणसं कमी, तिकिटं कमी, की त्याला साहेबांची सही लागे आणि सोबत दीड पानी टिपण. सकाळी सहाला साहेब कुठले? आले की मीटिंगमध्ये. तिच्या आधीच्या कारकुनाने खुर्ची सोडताना तिला किल्ल्या दिल्या, चहाचा कप कुठला आपला ते दाखवलं, आणि सांगितलं, "अडलं की हवामान लिहायचं. त्याला सही लागत नाही." तिने ते इमानाने पाळलं. त्या तक्त्यांमध्ये इतकी वादळं होऊन गेली होती की ती खरी असती, तर विमानतळाचं छप्पर कधीच उडून गेलं असतं.

आणि त्या दिवशीचं तिला लख्ख आठवत होतं. वरून फोन आला होता, "सकाळचं रद्द कर. एकोणीसच टाळकी आहेत. दुपारच्यात बसतील तेवढी बसव, उरलेली उद्या." तिने फोन मानेत धरून, एका हाताने चहा ढवळत, दुसऱ्या हाताने लिहिलं होतं, हवामान. खिडकीतून ऊन सरळ त्या कागदावर पडलं होतं. डोळ्यांवर येत होतं म्हणून तिने उठून पडदा ओढला होता.

शुक्रवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. तिच्या नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फळं घेऊन आले होते.

"एका तक्त्यातलं कारण दुरुस्त करायचंय," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "कोणी वकील आलाय का?"

"नाही. एक नर्स आहे. तिला पैसे नकोत, फक्त लिहून हवंय."

"पैसे नकोत असं म्हणणारे लोकच महागात पडतात बाई. तिला दिलं की उरलेले अठरा येतील. मग कोणीतरी विचारणार, मागच्या महिन्यातलं ते वादळ कसलं? त्याच्या आधीचं?" त्यांनी तक्त्यांच्या कपाटाकडे पाहिलं. "त्यातलं एक तरी अक्षर माझं आहे का? बघा बरं. सगळं तुमचंच मोत्यासारखं अक्षर. किती वर्षं राहिली तुमची?"

"चार."

"चार वर्षं म्हणजे चुटकीसरशी." साहेब चष्मा पुसू लागले. "मी तुमच्या भल्याचं बोलतोय."

ते खरोखरच तिच्या भल्याचं बोलत होते.

घरी नवरा बाल्कनीत पाय स्टुलावर ठेवून बसला होता. पूर्वी तो बसच्या कारखान्यात फिटर होता. आता दिवसभर डोक्यावरून जाणारी विमानं मोजायचा आणि ती दाराशी आली की हजेरी द्यायचा. "आज तुझ्या कंपनीची सात गेली. एक आलं ते जरा लंगडत होतं."

तिने चपला काढता काढता सगळं सांगितलं.

"मग लिहून टाक की खरं," तो म्हणाला.

"आणि पेन्शन?"

"मग नको लिहू."

"तुम्हाला काही विचारलं की असंच."

"अगं, मी फिटर माणूस. नट सैल असला तर आवळायचा, नसला तर सोडून द्यायचा, एवढंच मला येतं." मग वर बघत तो म्हणाला, "तुला झोप मात्र लागणार नाही. घोरायचं सगळं काम माझ्या एकट्यावर पडेल."

झोप लागली नाहीच. तिला राहून राहून चहाचा चमचा आठवत होता. एका शब्दाला किती वेळ लागला असेल? दोनदा ढवळण्याइतका. तेवढ्यात कुणाची तरी आई कुणाची वाट बघत पडली होती आणि कंपनीच्या लेखी तिथे पाऊस पडत होता.

सोमवारी नर्स आली. रांगेत तिच्यापुढे एक जोडपं भांडत होतं, त्यांचं आटपेपर्यंत ती हाताची घडी घालून उभी राहिली. वॉर्डात उभं राहतात तशी, टेकायला भिंत असूनही न टेकता.

"काही झालं का?" तिने विचारलं.

"साहेब नाही म्हणाले."

नर्सने मान हलवली. रुग्णाच्या नातेवाइकांना जे सांगायचं ते डॉक्टरने आपल्यावर ढकललंय, हे कळल्यावर तिने अशीच मान हलवली असेल. "बरं," ती म्हणाली. "मी आपलं विचारून बघितलं. भावाने उद्या सामानाला टेम्पो सांगितलाय."

ती वळली. दोन पावलं गेलीही.

"सिस्टर, थांबा."

दिलगीरबाईने खण उघडला, कंपनीच्या नावाचा कोरा कागद काढला. छपाईच्या मशिनवर घातला असता तर त्याची नोंद झाली असती, म्हणून हाताने लिहायला घेतलं. 'आम्ही दिलगीर आहोत' असं सवयीने लिहून झालं, ते तिने खोडलं. खाडाखोड केलेलं पत्र तिने आयुष्यात बाहेर पाठवलं नव्हतं. हे पाठवायचं होतं. तिने लिहिलं: सदर दिवशी सकाळी हवामान स्वच्छ होतं. प्रवासी कमी असल्यामुळे कंपनीने विमान रद्द केलं. हवामानाची नोंद खोटी असून ती मी केली आहे. या प्रवासी बाई वेळेवर हजर होत्या. खाली तिने सही केली, सहीखाली पूर्ण नाव, हुद्दा, आणि गोल शिक्का इतका दाबून मारला की टेबलावरचे चहाचे कप वाजले.

बॅगवाल्याने मान उंचावून कागद वाचला. "बाई," तो हळूच म्हणाला, "हे माझ्याकडे द्या, मी हरवून टाकतो. माझ्याकडे सोय आहे."

"गप बसा हो."

कागद काचेखालून गेला. नर्सने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. तिचा चेहरा काही फार खुलला नाही. तिने तिथेच फोन काढला. आतही ऐकू जावं म्हणून तो काचेसमोरच्या फळीवर ठेवून आवाज मोठा केला. मागच्या रांगेतल्या कुणीही कुरकूर केली नाही. फुकटचं ऐकायला मिळत असलं की माणसं फार समजूतदार होतात.

बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला. पलीकडे वस्तू सरकवल्याचा आवाज होता.

"बोल ताई." भावाचा आवाज थकलेला होता.

"ऐक, ठेवू नकोस. मी कंपनीकडून लिहून आणलंय. इथे समोर बाई आहेत त्यांच्या. शिक्का आहे, सही आहे." आणि ती भराभर वाचू लागली. वेळेवर हजर होत्या, हे शब्द तिने दोनदा वाचले.



"हॅलो? ऐकतोयस ना? बाई, तुम्ही बोला ना जरा त्याच्याशी."

दिलगीरबाई भोकांशी वाकली. "दादा, मी कंपनीतून बोलतेय. तुमच्या बहिणीने निमित्त केलेलं नाही. चूक आमची आहे. ती नोंद मी स्वतः..."

"मला ठाऊक आहे हो," भाऊ म्हणाला.

"काय ठाऊक आहे?" नर्सने विचारलं.

"विमान रद्द झालं ते. शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून मी तुला घ्यायला विमानतळावर आलो होतो. फलकावर लाल अक्षरात लिहिलेलं वाचलं. तू खोटं बोलतेस असं मी कधी म्हटलं?"

"मग... मग विमानाचं कारण देऊ नकोस, असं का म्हणालास?"

पलीकडे कुणीतरी त्याला विचारलं, हे कपाट आधी रिकामं करायचं का. तो थांबा म्हणाला. नर्सने कागद छातीशी धरला होता. दिलगीरबाईला काचेपासून मागे सरकावंसं वाटलं, पण तिला हलता आलं नाही.

"कारण त्याच्याआधी अकरा वर्षं, ताई," भाऊ म्हणाला, "ते विमान रोज येत होतं."