खाल्ली तरी चालेल अशी माती

डेल्फीननं मातीच्या पिशवीच्या फाटलेल्या कोपऱ्याला नाक लावलं. आंबूस वास येताच ती ढकलून दिली आणि पुढची ओढली. ही दगडासारखी जड. तिसरीत नुसता लाकडाचा भुगा. रोपवाटिकेच्या मागच्या आवारात ती तासभर एकटीच पिशव्यांशी झटत होती.

"टोमॅटो लावायचेत की फुलं, पोरी?" आवार सांभाळणाऱ्या मिस वर्नेलनं विचारलं. सत्तरीची बाई, कमरेला मळका एप्रन.

"दोन वर्षांच्या पोरानं खाल्ली तरी चालेल, अशी माती हवी."

वर्नेल खो खो हसली. "माझा धाकटा तर गांडुळंसुद्धा..." डेल्फीनच्या चेहऱ्याकडे नजर गेली आणि ती गप्प झाली.

"माझ्या ओटिसच्या रक्तात शिसं निघालंय," डेल्फीन म्हणाली. "घराच्या जुन्या रंगात शिसं होतं, तो वर्षानुवर्षं झडून परसातल्या मातीत मिसळलाय. नर्स म्हणते, शिशानं पोरांचा मेंदू मंदावतो, उघडी माती झाका, वर स्वच्छ माती टाका. पण स्वच्छ म्हणजे कुठली? पिशव्यांवर नुसती फुलांची चित्रं! तीन कंपन्यांना फोन लावले. सोमवारी करा म्हणे. तोवर काय पोराचे हात बांधून ठेवू?"

वर्नेल तिला मागच्या ढिगाकडे घेऊन गेली. एका पिशवीतली मूठभर माती तिनं दाबली, तळवा उघडला. गोळा झाला होता. अंगठा लागताच तो भुरभुरला.

"ही बघ. हिच्यात काय काय आहे ते छापलंय. माती कुठली, तपासली कधी, तेही. नुसतं 'माती' एवढंच लिहिलेल्या पिशवीला हात लावू नकोस." मग हात झटकत ती हळूच म्हणाली, "पण खाऊ दे, असं मी नाही म्हणणार. कुणीच नाही म्हणणार, बाळा."

डेल्फीननं मान हलवली. डोळे भरून यायला लागले तशी ती वाकून पिशव्या उचलायला लागली. बावीस पिशव्या भरल्यावर गाडीचं बूड रस्त्याला टेकायला आलं.

वाटभर ती सासऱ्यांना द्यायची उत्तरं जुळवत राहिली. रूफस चाळीस वर्षं त्या परसात भाजी लावत आले होते. सकाळीच कडाडले होते, "हीच भाजी खाऊन मी पंचाहत्तरीचा झालो. रक्ताच्या रिपोर्टातल्या एका आकड्यापायी माझा मळा गाडतेस?"

पहिली पिशवी उचलून ती परसात आली आणि जागीच थबकली. एकही रोप उभं नव्हतं. कोलार्डची पालेभाजी, मिरच्या, टोमॅटो, सगळं मुळासकट उपटून काळ्या पिशव्यांत कोंबलेलं. रूफस मागच्या पायरीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे.

"पपा..."

"ओटिस झोपलाय. हात धुतलेत त्याचे. दोनदा."

डेल्फीन पायरीजवळ आली.

"लॉनीचं शाळेत कधी डोकंच चाललं नाही," रूफस म्हणाले. लॉनी म्हणजे तिचा धाकटा दीर. घर सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. "मास्तरीण म्हणायची, आळशी आहे. मी पट्ट्यानं फोडून काढायचो त्याला. अक्षरं काही येईनात." त्यांनी रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं. "दिवसभर इथेच खेळायचा तो."

डेल्फीननं हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"