अर्धवट खेळांचं वेळापत्रक

तिने फ्रिजवर चार चुंबकांनी कागद ताणून बसवला आणि दोन पावलं मागे सरकून बघितलं. आडवे वार, उभे खेळ. अकरा व्हिडिओ गेम, अकराही अर्धवट. सगळ्यांत खाली लाल पेनाने लिहिलं होतं: सबबी चालणार नाहीत.

बाबा चहाचा कप घेऊन आला आणि उभ्याउभ्याच वाचू लागला.

"वकीलबाई, हे काय नवीन?"

वादविवादाची ढाल घरी आली त्या दिवसापासून तिला हेच नाव पडलं होतं. तेरा शाळांना गप्प केल्यावर एवढं तर होणारच, असं तिचं मत होतं.

"तुझं वेळापत्रक. हौसेने गेम आणतोस, अर्ध्यात सोडतोस, आणि वर मला सांगतोस की हातातलं काम आधी पुरं कर."

"वेळ कुठे मिळतो गं? दुकानातून येईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. आणि खरं सांगू का, पूर्वीसारखं मन लागत नाही."

"मन लागेल नंतर. तू आधी बूड टेकव."

ओट्याशी उभी असलेली आई फिसकन हसली. "बापाला शिकवतेय बघा."

बाबाही हसला. पण हसताना त्याचा डावा हात खिशात गेला होता, हे तिला त्या वेळी नुसतं दिसलं. लक्षात आलं ते पुढे.

रविवारी दुपारी आई मावशीकडे गेली होती आणि बाबा दुकानात. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाची काडी तुटली होती, तासाभरात येतो म्हणाला. तिने विचार केला, तोवर कुठल्या गेमचं किती उरलंय ते बघून ठेवावं. शेवटाला आलेला आधी घ्यायचा, म्हणजे गड्याला जरा हुरूप येईल.

पहिला उघडला. दोरांचा पूल, खाली दरी. डाव्या अंगठ्याने हळूहळू तोल सांभाळत पलीकडे जायचं, एवढंच. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: प्रयत्न १४३.

"एकशे त्रेचाळीस? बाबा, धन्य आहेस," ती मोठ्याने म्हणाली आणि पाय सोफ्यावर घेऊन बसली.

दुसऱ्यात कड्यावरची अरुंद वाट होती. प्रयत्न ९७. त्याआधीच्या लढाया मात्र त्याने पहिल्या फटक्यात मारल्या होत्या. त्या सगळ्या उजव्या अंगठ्याच्या. तिसऱ्यात खडकांमधून होडी न्यायची होती. तिथे प्रयत्न मोजलेले नव्हते, फक्त शेवटचं कधी खेळला ते होतं: आज, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

ती हसायची थांबली.

सहा वाजता घरात सगळे झोपलेले असतात. वेळ नाही म्हणणारा माणूस सहा वाजता उठून होडी चालवत होता. मन लागत नाही म्हणणारा माणूस एकाच पुलावरून एकशे त्रेचाळीस वेळा पडला होता.

चौथा उघडावा की नाही, कळेना. उघडला. तिथेही तेच. जिथे डाव्या अंगठ्याचं नाजूक काम, तिथेच सगळं थांबलेलं.

आजोबांची बशी आठवली. शेवटी शेवटी ते दिसायच्या आधी त्यांच्या कपबशीचा किणकिणाट ऐकू यायचा. त्यांच्या हाताचा कंपही अंगठ्यापासूनच सुरू झाला होता, असं आत्या सांगायची. आणि बाबाने चहाबरोबर बशी घेणं कधी सोडलं? वाढदिवसाचा बटणांचा शर्ट अजून घडीतच का होता? दुकानातल्या टेबलाच्या कडेला फ्रेम धरून ठेवायला त्याने लोखंडी पकड बसवली, तेव्हा "नवीन खेळणं का?" म्हणून तिनेच चिडवलं होतं. इतकी वर्षं फ्रेम त्याच्या डाव्या हातात असायची, आणि तिळाएवढा स्क्रू उजव्यात.

फ्रिजवरचा कागद फाडून टाकायला ती उठली. सबबी चालणार नाहीत. तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज आला.

टीव्ही बंद करायला ती वळली, पण नको ते बटण दाबलं गेलं आणि यादीतला पहिला गेम उघडला. पडद्यावर पुन्हा पूल आला, कोपऱ्यातल्या आकड्यासकट.

बाबा दारात थांबला. चपला न काढताच तो आकड्याकडे बघत राहिला.

"बघितलंस?"

तिने मान हलवली.

"आईला माहितीय?"

"नाही." तो सोफ्याच्या कडेवर टेकला. "म्हटलं, एकदा पूल पार झाला की काही नाहीये असं समजायचं. मग दुसरा गेम आणून बघितला, मग तिसरा. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने एका फटक्यात सांगितलं असतं."

यावर मुद्दे पुष्कळ होते. पण ती त्याच्या डाव्या बाजूला सरकली, कंट्रोलर दोघांच्या मध्ये धरला आणि आपला डावा अंगठा जागेवर ठेवला.

"डावीकडचं माझं. उजवीकडचं तू बघ."

"असं कुणी खेळतं का?"

"नियमात कुठे नाही म्हटलंय?"

दोनदा पडले. तिसऱ्या वेळी तो पुटपुटत राहिला, "सावकाश, घाई नको, तोल डावीकडे..." आणि पूल पार झाला. पलीकडे विशेष काही नव्हतं. थोडं गवत आणि एक दिवा.

बाबाचा डावा हात मांडीवर होता. अंगठा आपला आपणच हलत होता, काहीतरी मोजत असल्यासारखा. ती बघतेय हे त्याला कळत होतं, पण या वेळी त्याने हात खिशात घातला नाही.

"लाल पेन कुठाय तुझं?"

तिने दिलं. फ्रिजपाशी जाऊन त्याने सोमवारच्या चौकोनातला गेम खोडला आणि तिथे 'डॉक्टर' लिहिलं. मग पेन आजच्या, रविवारच्या चौकोनावर नेलं. 'आईला सांगणे' लिहायला घेतलं, तसा एक चुंबक निसटून खाली पडला आणि कागद पेनाबरोबर सरकू लागला. त्याचा डावा हात तसाच खाली राहिला.

तिने पुढे होऊन कागदावर आपला तळहात टेकवला.

"लिही आता," ती म्हणाली.