मागच्या पायाचा रंग

बाळ झालं आणि दोन्ही आज्या महिनाभरासाठी एकाच घरात येऊन राहिल्या. बाळाच्या बाबांची आई रुग्णालयात एक्स-रे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेली, तर बाळाच्या आईची आई शाळेचं कॅन्टीन चालवणारी. दोघी एकमेकींना ‘विहीणबाई’ म्हणायच्या आणि चहाचा शेवटचा कप ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ करत गार करायच्या.

एक्स-रेवाल्या आजींना माश्यांचं वेड होतं. गॅलरीतल्या कुंडीत बडीशेप फुलली होती. तिच्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या यायच्या. हुबेहूब गांधीलमाशी, फक्त नांगी नाही. आजी फोटो काढून कीटक ओळखणाऱ्यांच्या एका संकेतस्थळावर पाठवायच्या. तिथले तज्ज्ञ दर वेळी तेच लिहायचे : ‘डोळ्यांमध्ये अंतर आहे, म्हणजे मादी. पण अशा दिसणाऱ्या दोन जाती आहेत. मागच्या पायाची मांडी पिवळी की काळी, हे दिसल्याशिवाय सांगता येणार नाही.’

“जन्मभर लोकांची हाडं दाखवली,” आजी वैतागायच्या, “आणि एका माशीची मांडी दिसेना!”

एका दुपारी तसलीच एक माशी घरात शिरली आणि बाळाच्या दुपट्याच्या कडेवर बसली. बसली ती नेमकी आडवी, मागचे पाय लांब करून एकमेकांवर घासत. एक्स-रेवाल्या आजींनी श्वास रोखला, फोन पुढे नेला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दुसऱ्या आजी आल्या. त्यांना बाळाच्या मुठीजवळ पिवळे-काळे पट्टे दिसले. खांद्यावरचा टॉवेल फट्कन खाली आला.

“अहो, काय केलंत हे!”

“काय केलं म्हणजे? बाळाला डसली असती!”

“ती डसत नाही हो! तिला नांगीच नसते!”

“मग तसं तिच्या अंगावर लिहिलं होतं का?”

बाळानं भोकाड पसरलं. सुनेनं येऊन त्याला उचललं. एक्स-रेवाल्या आजी गॅलरीत जाऊन बसल्या त्या जेवायलाच आत आल्या. मुलगा कामावरून आला, दोघींची तोंडं पाहून म्हणाला, “आज कुठे माशी शिंकली?” बायकोनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं मुकाट्यानं पान पुढे ओढलं.

सकाळी कॅन्टीनवाल्या आजी एका डबीचं झाकण घेऊन गॅलरीत आल्या. आत कापसावर ती माशी.

“टाकवेना मला. एक पंख मोडलाय, पण पाय शाबूत आहेत. तुमचा तो मांडीचा घोळ मिटतो का बघा.”

एक्स-रेवाल्या आजींनी सुईच्या टोकानं माशी हलकेच उलटी केली. मांडी मुळापर्यंत पिवळीधमक होती. फोटो गेला, दुपारी जातीचं नाव आलं. जुन्या फोटोंबद्दल मात्र काहीच सांगता येणार नाही, असंही तज्ज्ञांनी लिहिलं होतं. आजींनी ते वाचून फोन बाजूला ठेवला.

“आनंद नाही झाला?”

“एवढी धडपड केली नावासाठी. अशी मेल्यावर नको होतं मिळायला.”

“कॅन्टीनमध्ये माशी दिसली की हात उठायचाच. सवय हो.”

“तुमचं काय चुकलं? खरी गांधीलमाशी असती तर? आधी बाळ बघायचं सोडून मी फोटो काढत होते.”

त्यानंतर कॅन्टीनवाल्या आजी रोज कुंडीशेजारी स्टूल टाकून बसू लागल्या. एका पानाआड डोळा लावून त्या कुजबुजायच्या, “थांबा... पाय पुसतेय... आता!” बरेच दिवस नुसती पानंच फोटोत आली. मग एकदा मागचा पाय स्पष्ट मिळाला, आणि मांडी चक्क काळी निघाली. ही दुसरी जात! दोघींनी इतका गलका केला की नुकतं झोपलेलं बाळ उठलं आणि सुनेनं दोघींना दटावलं.

महिना संपला. कॅन्टीनवाल्या आजी आपल्या घरी गेल्या. आठवड्याभरानं त्यांच्याकडून एक फोटो आला : खिडकीच्या चौकटीवर एक करडी माशी.

एक्स-रेवाल्या आजींनी लगेच फोन केला. “विहीणबाई, ही साधी घरमाशी आहे हो.”

“ते मला कळत नाही का? अख्खा जन्म गेला त्यांच्यामागे,” पलीकडून हसू ऐकू आलं. “मारली नाही, एवढं सांगायला पाठवला.”