बुधवारी तीन ते पाच

मी ताईंची अभ्यासाची वही बोलतेय. जरा भरभर बोलते, कारण कुणी मला शेवटपर्यंत बोलू देईल याची सवय नाही.

ताई एका पाइप कारखान्यात बिलं करतात. वय एक्केचाळीस. हिशेबनिसाची परीक्षा एकदा हुकली, यंदाची संधी शेवटची. पास झाल्या तर वरची जागा त्यांची, नाहीतर बाहेरून माणूस येणार. त्यांचे साहेब मनाने चांगले. कंपनीकडून फी भरून घेतली, मला आणून दिलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "बुधवारी तीन ते पाच ताई आतल्या खोलीत अभ्यास करतील. त्यांना कुणी उठवायचं नाही."

कुणी उठवलंही नाही. साहेब सोडून.

ताईंनी ताळेबंद मांडायला घ्यावा, डावी बाजू होत यावी, की दारात साहेब. "ताई, दोनच मिनिटं हं. ती जुनी फाइल कुठंय?" दोन मिनिटांचा तास व्हायचा. मी टेबलावर उघडी, पानं पंख्याने फडफडतायत, उजवी बाजू कोरी. अशी अकरा अर्धवट गणितं पोटात घेऊन मी तळमळत होते.

गणित जिथं तुटलं तिथं ताई पेन्सिलीने वेळ आणि कारण लिहायच्या. बिलांवर शेरे मारून हाताला लागलेली सवय.

घरी लेक म्हणाली, "आई, साहेबांना सांगत का नाहीस?"

"फी त्यांनीच मिळवून दिलीय गं. कुठल्या तोंडाने सांगू?"

मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं.

परीक्षेला दोन आठवडे उरले. त्या बुधवारी साहेबांनी ताईंना गोदामात पिटाळलं आणि स्वतः कागद शोधत आत आले. टेबलावर मी. 'तीन दहा, साहेब, फाइल. तीन पंचवीस, साहेब, फोन.' त्यांनी पानं उलटली. अकराच्या अकरा. ते मला हातात धरून खुर्चीत बसले.

ताई परतल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, ते माझ्यापुरतं होतं."

"मी सगळ्यांना अडवलं," साहेब म्हणाले, "आणि दारात मीच उभा राहिलो."

पुढच्या बुधवारी साहेब बाहेर, ताईंच्या कामाच्या खुर्चीत बसले. फोन वाजला तशी मी दचकले. बाहेरून आवाज आला, "ताई नाहीत. मला सांगा, मी शोधतो." एका फाइलीला त्यांना अर्धा तास लागला, पण आत कुणी आलं नाही.

परीक्षा सोमवारी आहे. ताई पास होतील का, या विचाराने मला चैन नाही. फी भरणाऱ्या साहेबलोकांनो, एकच विनंती. दार लावून घ्या, आणि तुम्ही बाहेर राहा.

साहेब बाहेर बसले त्या बुधवारी ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या. ताईंनी सवयीने खाली लिहिलं, 'पाच वाजता.' मग कारण लिहायला पेन्सिल टेकवली, पण गणित तुटलंच नव्हतं. त्यांनी पेन्सिल उचलली आणि मला मिटलं.