नळाला की भिंतीला

एल्मी चाब्लेच्या डिस्कस माशांनी मातीच्या सुरईवर पुन्हा अंडी घातली, आणि पुन्हा ती पांढरी पडून वाया गेली. मादी तरी परांनी वारा घालत राहिली. एल्मीला ते बघवेना.

दोष पाण्याचा होता. मेरिदा शहराचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुनाच. किटलीच्या तळाशी त्याची खपली धरते, नळाला पांढरी दाढी उगवते, आणि अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या या माशांची अंडी त्यात फुटत नाहीत. आरओ घ्यायला हवा, हे एल्मीला कळत होतं. कोणता घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. त्या प्रश्नात तिच्या मुलाने, विल्बर्थने, अख्खं घर घुसवलं.

सोमवार होता, म्हणजे डुकराचं मांस घातलेला काळा घेवडा. त्या वासाने विल्बर्थ शहराच्या उत्तर टोकाहून न चुकता यायचा. दुसरी वाटी संपवून तो म्हणाला, "आई, आरओ मी घेऊन देतो तुला."

एल्मीने वर बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची या पोराची सवय जुनी होती.

"नळाला लावायचा घेऊ," तो म्हणाला. "सुटसुटीत असतो. उचलला की निघाला."

"निघाला कुठे?"

मग भांडं बाहेर आलं. उद्या सकाळी एक कॅनडाची बाई घर बघायला येणार होती. अर्धी गल्ली अशीच विकली गेली होती. दारांना झकास रंग लागले होते आणि संध्याकाळी त्या दारांत खुर्ची टाकून बसणारं कोणी उरलं नव्हतं. एल्मीने आता मुलाकडे, नव्या फ्लॅटमध्ये राहायचं, असं त्याने आणि सुनेने ठरवून टाकलं होतं. घर एल्मीच्या नावावर होतं, सही तिचीच लागणार होती. पण आई नाही म्हणेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुझ्याकडे झोपायचा झुला टांगायला कड्या आहेत का रे?"

"भिंती पोकळ आहेत, आई. कडी पेलत नाही. पलंग आहे ना मस्त!"

"जन्मात मी पलंगावर झोपले नाही. आणि माशांची टाकी?"

"छोटी घेऊ."

"मासे कापून ठेवायचे का मग?"

चिडून ती तशीच उठली आणि माशांच्या दुकानाकडे निघाली. विल्बर्थ पाठोपाठ आलाच.

दुकानदार रुसेलने दोन यंत्रं काउंटरवर मांडली. तेवढ्यात विल्बर्थने शेल्फवरून तिसरंच उचललं. "हे बघ, ह्यात शेवटी खनिजं परत मिसळतात. आमच्याकडे हेच आहे. आपल्यालाही प्यायला होईल."

"चुना काढायचा आणि परत घालायचा? माशांनी काय घोडं मारलंय तुझं?"

रुसेल तिला मानाने दोन्या म्हणायचा. हसू दाबत म्हणाला, "दोन्या एल्मी, ते माणसांसाठी. तुमच्या कामाची ही दोन. हे छोटं नळाला अडकवायचं. पण तुमचं पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, त्याला जोर कुठला? थेंब थेंब गळेल, आणि बरंचसं पाणी वाया जाईल. हे दुसरं पंपासकट येतं. वजनदार आहे, भिंतीत भोकं पाडून पक्कं बसवावं लागतं. घर तुमचंच ना?"

"माझंच."

"सध्या," विल्बर्थ म्हणाला.

या घरात तिने नवऱ्याचं दुखणं काढलं, ह्याच्या शाळेच्या चड्ड्या धुतल्या, आणि हा म्हणतो सध्या! डोळे भरून आले, आणि मुलासमोर भरून आले म्हणून तिला आणखीच राग आला.

"भिंतीचं दे," ती म्हणाली.

"आई, ती बाई उद्या येतेय! भिंतीला भोकं—"

"रुसेल, उद्या सकाळी ड्रिल घेऊन ये."

रुसेल प्रामाणिक माणूस. तो खालच्या आवाजात म्हणाला, "एक सांगून ठेवतो, दोन्या. नर म्हातारा झाला असेल तर पाणी बदलूनही अंडी फुटायची नाहीत."

"नाही फुटली तर नाही फुटली. म्हातारा झाला म्हणून त्याने वाटेल त्या पाण्यात राहायचं का?"

घरी सोडताना विल्बर्थ एवढंच म्हणाला, "उद्या तमाशा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी ड्रिल सुरू झालं तेव्हा अख्ख्या सॅन सेबास्तियान वस्तीला कळलं. जुनी दगडी भिंत, हातभर जाड. ती सहज थोडीच वाट देणार! पांढरी धूळ टाकीवर टाकलेल्या चादरीवर, झुल्यावर, एल्मीच्या केसांवर बसली. तेवढ्यात विल्बर्थ त्या कॅनडाच्या बाईंना घेऊन दारात उभा राहिला.

"हे काय चाललंय?" बाईंनी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं.

"माशांसाठी पाण्याचं यंत्र बसवतोय," एल्मी म्हणाली.

"पण तुम्ही तर जाणार आहात ना?"

"कोण म्हणालं?"

बाईंनी विल्बर्थकडे बघितलं. विल्बर्थने जमिनीकडे. "आई, मी शब्द दिलाय त्यांना."

"दिला असशील. शब्द तुझा होता, तो तू दिलास. घर माझं आहे, ते मी देत नाही. बाई, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. लिंबाचं सरबत घेऊन जा."

बाई शहाण्या होत्या. सरबत प्यायल्या, मासे बघून छान म्हणाल्या आणि निघून गेल्या.

विल्बर्थ दारातच थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "एकटी पडशील इथे. रात्री-बेरात्री काही झालं तर?"

एल्मीला त्याची भीती दिसली. खरी होती ती, आणि तिला मायाही आली. पण मायेपायी माणूस घर घालवून बसतं, हे गल्लीत तिने पुष्कळ बघितलं होतं.

"झालं तर फोन करीन. तू येशील. सोमवारी येतोसच की."

रुसेलने पंपासकट यंत्र दोन्ही हातांनी उचललं. त्याला स्क्रू मारायला तिसरा हात हवा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"विल्बर्थ," एल्मी म्हणाली, "इकडे ये. हे धर."

तो हलला नाही.

"धर म्हणते ना!"

तो आला. इस्त्रीच्या शर्टानिशी भिंतीला टेकला आणि यंत्र धरून उभा राहिला. धूळ त्याच्या भुवयांवर बसली.

"सरळ धर," ती म्हणाली. "कायमचं बसवायचंय."